बालसंधिवाताची प्रश्नावली मराठीत आणताना: परवानगीपासून अंतिम आवृत्तीपर्यंत

संधिवात झालेल्या मुलाला तपासताना डॉक्टर सुजलेले सांधे मोजतात, प्रत्येक सांधा किती वाकतो ते पाहतात आणि रक्ताची चाचणी करून घेतात. मात्र त्या मुलाला शाळेचा गणवेश स्वतः घालता येतो का, शौचाला बसून विनासायास उठता येते का, गेल्या सात दिवसांत त्याचे किती दुखले, हे कोणत्याही चाचणीत दिसत नाही. ते विचारावेच लागते, आणि प्रत्येक भेटीत, प्रत्येक रुग्णालयात एकाच पद्धतीने विचारले तरच त्या उत्तरांची तुलना करता येते. सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेल्या, किमान सहा आठवडे टिकलेल्या आणि दुसरे कारण न सापडलेल्या संधिवाताला ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए, म्हणतात. या आजारात औषध लागू पडले की नाही हे ठरवण्यासाठी १९९७ मध्ये निश्चित झालेल्या सहा निकषांपैकी दोन, म्हणजे मुलाची कार्यक्षमता आणि पालकांनी केलेले एकूण मूल्यमापन, प्रश्नावलीतूनच येतात. २००९ पासून वापरात असलेल्या, आजार किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या जाडास या निर्देशांकाच्या चार घटकांतही पालकांचे किंवा मुलाचे मत हा एक घटक आहे. त्यामुळे प्रश्नावलीच्या भाषेत राहिलेली चूक कागदावर थांबत नाही, ती औषधाच्या निर्णयापर्यंत पोहोचते.

हा लेख बालरोग, संधिवात आणि फिजिओथेरपी विभागांत काम करणाऱ्यांसाठी, संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि अशा कामाच्या समितीत बसणाऱ्या पालकांसाठी आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः चाइल्डहुड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर, म्हणजे सीएचएक्यू, ही प्रश्नावली घेतली आहे, कारण जेआयएमध्ये ती सर्वाधिक वापरली गेली आहे आणि भाषांतरात येणाऱ्या जवळजवळ सर्व अडचणी तिच्यात भेटतात.

आधी गुण कसे दिले जातात ते समजून घ्यावे

बहुतेक जण थेट पहिल्या प्रश्नाच्या भाषांतराला हात घालतात. माझ्या मते सुरुवात गुणदानाच्या नियमापासून व्हायला हवी, कारण कोणत्या प्रश्नावर किती काळजी घ्यायची हे तो नियमच सांगतो.

प्रौढांसाठी १९८० मध्ये स्टॅनफर्ड येथे तयार झालेल्या प्रश्नावलीवरून १९९४ मध्ये मुलांसाठी सीएचएक्यू तयार करण्यात आली. तिच्यात ३० कामे आठ गटांत विभागलेली आहेत: कपडे घालणे व आवरणे, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, हात पोहोचवणे, पकड आणि इतर हालचाली. प्रत्येक कामाला ० ते ३ गुण असतात. काहीही त्रास होत नसेल तर ० आणि काम करताच येत नसेल तर ३. प्रत्येक गटातील सर्वांत जास्त गुण हेच त्या गटाचे गुण धरले जातात. त्या गटातील कामांसाठी एखादे साधन किंवा दुसऱ्याची मदत लागत असेल, तर गटाचे गुण किमान २ होतात. शेवटी आठ गटांची सरासरी काढली जाते. याखेरीज दुखण्याची तीव्रता आणि एकूण बरे वाटणे यांसाठी, खूण करून उत्तर द्यायच्या दोन स्वतंत्र रेषा असतात.

आता या नियमाचा परिणाम पाहा. सरासरी आठ गटांची असल्यामुळे गुणांक बदलू शकेल असे सर्वांत लहान पाऊल १ भागिले ८, म्हणजे ०.१२५ एवढे असते, आणि २००१ मधील एका अभ्यासानुसार पालकांना जाणवणारी किमान सुधारणाही सुमारे ०.१३ एवढीच असते. गटातील सर्वांत जास्त गुण धरले जात असल्याने एकच चुकीचा प्रश्न संपूर्ण गटाला वर ओढतो. ज्या घरात बाथटब नाही, त्या घरातील आईने टबमध्ये उतरण्याच्या प्रश्नापुढे 'लागू नाही' ऐवजी 'करताच येत नाही' अशी खूण केली, तर स्वच्छतेच्या गटाला ३ गुण मिळतात आणि अगदी ठणठणीत असलेल्या मुलाचा गुणांकही ०.३७५ होतो. हा फरक आजारामुळे पडलेला नसतो, केवळ घराच्या रचनेमुळे पडलेला असतो.

कोणती प्रश्नावली आणि कोणाची परवानगी

काय मोजायचे आहे ते आधी ठरवावे. केवळ दैनंदिन कामांची क्षमता हवी असेल तर सीएचएक्यू किंवा १५ कामांची त्याहून आटोपशीर जेएएफएस उपयोगी पडते. मुलाच्या जीवनमानाविषयी, म्हणजे शाळा, मित्र आणि मनःस्थिती यांविषयी विचारायचे असेल तर पेड्सक्यूएल किंवा सीएचक्यू (नाव जवळचे असले तरी सीएचएक्यूहून वेगळी) निवडावी. एकाच फॉर्ममध्ये काम, दुखणे, सकाळचे आखडणे, औषधांचे दुष्परिणाम, शाळेतील अडचणी असे सर्व हवे असेल तर जामार ही १५ विभागांची प्रश्नावली आहे.

त्यानंतर मराठी आवृत्ती आधीच तयार आहे का, हे मूळ हक्कधारकांकडे लेखी विचारावे. या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम इटलीतील जेनोवा येथील जानिना गास्लिनी संस्थेत मुख्यालय असलेल्या प्रिंटो या बालसंधिवात संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने केले आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याने सीएचएक्यू आणि सीएचक्यू ३२ देशांत रुजवल्या आणि ते काम २००१ मध्ये प्रसिद्ध केले, तर जामार ५२ देशांत ५४ भाषांमध्ये नेल्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. पेड्सक्यूएलची परवानगी फ्रान्समधील लियाँ येथील मापी रिसर्च ट्रस्टकडून घ्यावी लागते. परवानगी मागतानाच प्रश्न बदलता येतील का, नवे प्रश्न जोडता येतील का आणि तयार झालेल्या मराठी मजकुरावर हक्क कोणाचा राहील, या तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी वेगळी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

दोन स्वतंत्र भाषांतरे

या कामाची रूढ पद्धत १९९३ मध्ये मांडली गेली आणि २००० मध्ये तिला आजचे रूप मिळाले. तिच्यात मराठी मातृभाषा असलेल्या दोन व्यक्ती स्वतंत्रपणे भाषांतर करतात. एकीला विषयाची आणि प्रश्नावलीच्या हेतूची माहिती असते. दुसरीला ती मुद्दाम दिली जात नाही, कारण सामान्य माणसाची भाषा तिच्याकडूनच मिळते. दुसरी व्यक्ती डॉक्टरेतर असावीच, पण ती प्राथमिक शाळेतील शिक्षिका असेल तर अधिक चांगले, कारण लहान मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी रोज बोलणाऱ्या माणसाला प्रश्न कसा विचारावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन्ही भाषांतरे समोरासमोर ठेवून एक संयुक्त मसुदा तयार करावा, आणि जेथे मतभेद झाला तेथे काय निवडले व का निवडले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

मराठीत या टप्प्यावर काही अडचणी हमखास येतात. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण 'येणे' या क्रियापदाची आहे. 'मुलाला बटणे लावता येतात का?' या प्रश्नाचा अर्थ 'त्याने ते शिकून घेतले आहे का?' असाही होतो आणि 'त्याच्या बोटांना ते जमते का?' असाही होतो. चार वर्षांच्या निरोगी मुलालाही बटणे लावता येत नाहीत आणि बोटे सुजलेल्या दहा वर्षांच्या मुलीलाही लावता येत नाहीत, परंतु आपल्याला फक्त दुसरी गोष्ट मोजायची आहे. म्हणून प्रत्येक वाक्य स्वतंत्र प्रश्न न करता वर एकच मुख्य प्रश्न ठेवणे मला योग्य वाटते: 'गेल्या सात दिवसांत आजारामुळे खालील कामे स्वतः करताना किती त्रास झाला?' त्याखाली 'शर्टाची बटणे लावणे', 'जमिनीवरून उठून उभे राहणे' अशी कामांची यादी द्यावी. उत्तरांचे पर्याय 'काहीही त्रास झाला नाही', 'थोडा त्रास झाला', 'खूप त्रास झाला', 'करताच आले नाही' आणि 'वयामुळे किंवा अन्य कारणाने लागू नाही' असे असावेत. या रचनेमुळे लिंगाची अडचणही सुटते. 'शकतो' आणि 'शकते' यांमध्ये तिरप्या रेघा मारलेला फॉर्म वाचताना पालक अडखळतात, आणि तशी रेघ येथे कोठेच लागत नाही. मुलाने स्वतः भरायच्या आवृत्तीत 'तू' वापरावे, पालकांच्या आवृत्तीत 'तुम्ही'.

दुसरी अडचण काळाची. 'गेल्या आठवड्यात' म्हटले की अनेक जण सोमवार ते रविवार असा मागचा आठवडा धरतात. बुधवारी ओपीडीत आलेली आई मग आज, काल आणि परवाचे दिवस वगळूनच उत्तर देते. 'आजपासून मागचे सात दिवस' असे लिहिले की शंका राहत नाही.

तिसरी अडचण लक्षणांच्या नावांची. पालकांच्या तोंडी 'वेदना' क्वचितच येते, ते 'दुखते', 'ठणकते', 'कळ येते' असे म्हणतात. मात्र 'दुखणे' हा शब्द नाम म्हणून आजारपणासाठीही वापरला जातो, त्यामुळे 'मुलाचे दुखणे किती आहे?' यापेक्षा 'मुलाचे सांधे किती दुखले?' असे विचारणे सुरक्षित ठरते. 'सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का आणि मोकळे व्हायला किती वेळ लागतो?' हा प्रश्न घराघरांत समजतो. सांध्यांच्या नावांसाठी शरीराचे चित्र द्यावेच. विदर्भात गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि ढोपर म्हणजे गुडघा की कोपर, याचे उत्तर गावागणिक वेगळे मिळते.

घर वेगळे, काम तेच

प्रश्नावलीतील खरी कसोटी येथे लागते. बदल करताना प्रश्नातील वस्तूकडे न पाहता, त्या कामासाठी कोणते सांधे, किती जोर आणि किती हालचाल लागते, याकडे पाहावे. त्यासाठी फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन प्रत्येक काम प्रत्यक्ष करून पाहावे आणि मूळ काम व पर्यायी काम यांसमोर सांध्यांची नोंद करावी.

मूळ सीएचएक्यूत खाण्याच्या गटात मांस स्वतः कापणे हे काम आहे. भाकरीचा किंवा पोळीचा घास तोडणे हा पर्याय सर्वांना सुचतो आणि तो अनुभवाच्या दृष्टीने योग्यही आहे. परंतु सुरी आणि काटा वापरताना दोन्ही हातांची मनगटे व बोटे कामाला लागतात, तर आपल्याकडे मूल उजव्या हाताने घास तोडते. ज्या मुलीचा आजार डाव्या मनगटात आहे, तिची अडचण मूळ प्रश्न पकडेल आणि आपला प्रश्न सोडून देईल. पोळी आणि गार झालेली ज्वारीची भाकरी यांना लागणारा जोरही सारखा नसतो. म्हणून संत्रे किंवा मोसंबी सोलण्यासारखे दोन हातांचे काम पर्याय म्हणून चाचणीत घालून पाहावे आणि दोन्हींची उत्तरे ताडून मगच एक निवडावे. खाऊचे नवे खोके उघडण्याऐवजी बिस्किटांचा बंद पुडा फोडणे चालते, कारण चिमटीचा जोर दोन्हींकडे लागतो.

अंघोळीचा प्रश्न याहून अवघड आहे. बादलीतून तांब्याने पाणी घेऊन अंगावर ओतणे हे आपले रोजचे काम आहे, पण त्यात खांदा, मनगट आणि पकड लागते. टबमध्ये उतरून बाहेर येण्यात मात्र नितंबाचा सांधा, गुडघा आणि हातांवर भार देणे महत्त्वाचे असते. टबची जागा तांब्याने घेतली तर पायांच्या सांध्यांचा प्रश्न हातांच्या सांध्यांचा होऊन जातो. न्हाणीघरातील पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून पुन्हा उठणे हा पर्याय मूळ हालचालीच्या अधिक जवळचा आहे.

शौचालयाच्या प्रश्नाबाबत मला सर्वाधिक आग्रहाने सांगायचे आहे. मूळ प्रश्न कमोडवर बसून उठण्याचा आहे. उकिडवे बसताना नितंब, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे जवळजवळ पूर्ण वाकावे लागतात, त्यामुळे तेवढ्याच आजाराच्या दोन मुलांपैकी कमोड असलेल्या घरातील मुलाला ० आणि भारतीय पद्धतीचे शौचालय असलेल्या घरातील मुलाला २ गुण मिळू शकतात. शिवाय अनेक कुटुंबे मुलाच्या आजारामुळेच कमोड बसवतात किंवा कमोडची खुर्ची आणतात. तेव्हा ती खुर्ची साधनांच्या यादीत गणली गेली पाहिजे आणि स्वच्छतेच्या गटाला त्यानुसार किमान २ गुण मिळाले पाहिजेत. यादीत ती छापलेलीच नसेल, तर मुलाची सर्वांत मोठी अडचण गुणांकातून गायब होते. म्हणून 'घरात कोणत्या पद्धतीचे शौचालय आहे?' आणि 'आजारामुळे त्यात काही बदल केला आहे का?' हे दोन माहितीचे प्रश्न आरंभी जोडावेत, मात्र त्यांना गुण देऊ नयेत.

मांडी घालून बसणे हे काम मूळ सीएचएक्यूत नाही, आणि आपल्या मुलांना जेवताना, शाळेच्या प्रार्थनेत, पंगतीत ते रोज करावे लागते. प्रौढांच्या प्रश्नावलीची जी भारतीय आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात उकिडवे किंवा मांडी घालून बसण्याचा समावेश केलेला आहे. मुलांसाठी हा प्रश्न जरूर विचारावा, परंतु तो मूळ ३० कामांच्या बाहेर, वेगळ्या चौकटीत ठेवावा. मूळ गुणांकात नवे काम मिसळले की तो गुणांक इतर देशांतील आकड्यांशी ताडता येत नाही. वेगळा ठेवला तर आपली गरजही भागते आणि तुलनाही शाबूत राहते.

उरलेल्या कामांचा निर्णय तुलनेने लवकर होतो. डोक्यावरून स्वेटर घालण्याच्या जागी टी-शर्ट किंवा बनियन, दाराचा गोल मूठ फिरवण्याच्या जागी कडी काढणे, मोटारीत चढण्या-उतरण्याबरोबर रिक्षा किंवा एसटी, व्हॅक्यूम क्लीनरच्या जागी केर काढणे, पलंग आवरण्याच्या जागी अंथरूण घालणे आणि गुंडाळणे. घरी फिरवायचा नळ नसेल तर शाळेतील नळ विचारात घ्यावा असे कंसात न लिहिता सरळ प्रश्नातच लिहावे. केस विंचरण्याच्या प्रश्नात मुलींच्या वेण्यांचा उल्लेख टाळावा, कारण वेणी बहुतेक घरी आईच घालते.

याच कारणासाठी मदतीच्या रकान्याकडे बारकाईने पाहावे लागते. आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या निरोगी मुलालाही आजी भरवते, आई अंघोळ घालते. 'मुलाला दुसऱ्याची मदत होते का?' असे विचारले तर उत्तर 'हो' येणारच, आणि त्या एका खुणेने गटाचे गुण किमान २ होतील. मूळ इंग्रजीत 'आजारामुळे' ही अट स्पष्ट आहे. मराठीत ती वाक्याच्या सुरुवातीला आणि ठळक अक्षरांत यावी.

उलट भाषांतर आणि त्याची मर्यादा

संयुक्त मराठी मसुदा आता दोन व्यक्तींनी, मूळ मजकूर न पाहता, पुन्हा इंग्रजीत करायचा असतो. त्यांची मातृभाषा इंग्रजी असावी अशी अपेक्षा आहे. मराठी उत्तम जाणणारी अशी माणसे मिळणे कठीण असल्याने इंग्रजीभाषक देशांत वाढलेली मराठी घरांतील तरुण मंडळी हा व्यवहार्य मार्ग आहे. त्यांना विषयाची पूर्वकल्पना देऊ नये.

या टप्प्यावर फार विसंबू नये. उलट भाषांतरातून सुटलेला शब्द किंवा उलटा झालेला अर्थ सापडतो, पण मराठीची गुणवत्ता समजत नाही. 'प्रातःकालीन ताठरता' असे लिहिले तर ते इंग्रजीत अगदी बिनचूक परत जाते, आणि ओपीडीतील एकाही आईला ते समजलेले नसते. शब्दशः केलेले भाषांतर या परीक्षेत नेहमीच चांगले गुण मिळवते.

समिती

बालसंधिवाततज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, भाषेचा जाणकार, सर्व भाषांतरकार आणि संशोधनपद्धती जाणणारी एक व्यक्ती यांच्याबरोबर किमान दोन पालक समितीत असावेत, आणि त्यांतील एक शहराबाहेरचा असावा. पालकांचे मत सर्वांत शेवटी न विचारता सर्वांत आधी विचारावे, कारण तज्ज्ञ बोलून गेल्यावर पालक गप्प राहतात. समिती प्रत्येक प्रश्न चार बाजूंनी तपासते: शब्दांचा अर्थ, वाक्प्रचार, अनुभव आणि मूळ संकल्पना. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली सांधेदुखीची पाहणी झाली होती. ती प्रौढांची असली, तरी ग्रामीण मराठीत सांध्यांविषयी प्रश्न विचारण्याचा असा अनुभव असलेली माणसे समितीला मोलाची ठरतात.

पालकांसमोर आणि मुलांसमोर

मंजूर मसुदा ३० ते ४० जणांकडून भरून घ्यावा, असे २००० ची पद्धत सांगते. प्रिंटोच्या पद्धतीत प्रत्येक ओळ किमान ८० टक्के लोकांना नीट समजली पाहिजे, अन्यथा ती बदलावी लागते. हे लोक एकाच शहरातील नसावेत. पुणे-मुंबईबरोबर विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकण येथील पालक, वडील आणि आई दोघेही, कमी शिकलेले आणि पदवीधर, असे सर्व हवेत. गोव्यात घरी कोकणी बोलणारी आणि मराठी वाचणारी कुटुंबे असतात, त्यांनाही वेगळे पाहावे.

'समजले का?' असे विचारू नये, कारण त्याला सर्वजण 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'हा प्रश्न तुम्ही शेजारणीला कसा सांगाल?', 'थोडा त्रास म्हणजे तुमच्या मनात नेमके काय आले?', 'हे उत्तर देताना कोणता दिवस आठवला?' असे विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपावीत. 'त्रास' या शब्दावर विशेष लक्ष ठेवावे. काही पालक त्याचा अर्थ केवळ दुखणे असा घेतात. बटणे लावायला दहा मिनिटे घेणारे, पण न रडणारे मूल त्यांच्या लेखी 'त्रास नाही' या रकान्यात जाते. असे आढळले तर सूचनेत 'जास्त वेळ लागणे किंवा जड जाणे हाही त्रासच समजावा' अशी ओळ घालावी.

मुलांच्या आवृत्तीची चाचणी मुलांवरच घ्यावी, आणि पालकांना शेजारच्या खोलीत बसवावे. पेड्सक्यूएलमध्ये ५ ते ७, ८ ते १२ आणि १३ ते १८ अशा वयोगटांसाठी मुलांच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. अशी विभागणी नसलेल्या प्रश्नावलीतही वयानुसार समज तपासून पाहावी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मूल घरी मराठीच बोलत असले, तरी देवनागरी वाचताना अडखळते, आणि त्याला १ हा अंक 9 सारखा दिसू शकतो. म्हणून ० ते १० च्या पट्टीवर दोन्ही लिपींतील अंक छापावेत. दुखणे मोजण्याच्या कोऱ्या रेषेपेक्षा जामारमधील २१ वर्तुळांची पट्टी मुलांना आणि पालकांनाही सोपी जाते. त्या पट्टीत ० पासून १० पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाची वर्तुळे असतात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना फॉर्म वाचून दाखवावा लागतो. वाचणारी व्यक्ती उपचार करणारी डॉक्टर नसावी, कारण डॉक्टरांसमोर 'आता बरे आहे' असे म्हणणे हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. वाचनाचा मजकूर आणि शंका विचारल्यास द्यायचे उत्तरही आधीच लिहून ठेवावे. फॉर्म कोणी भरला, आईने, वडिलांनी की आजीने, हे प्रत्येक वेळी नोंदवावे आणि शक्यतो दर भेटीला तीच व्यक्ती असावी.

आकड्यांची परीक्षा

भाषा पक्की झाल्यावर मोजमाप पक्के आहे का ते पाहायचे असते. आरोग्यविषयक मोजमापाची साधने तपासण्याच्या कॉस्मिन या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे सुमारे १०० मुलांची माहिती हवी. बालसंधिवात विरळ असल्याने एका केंद्रात ही संख्या गाठायला काही वर्षे जातात, त्यामुळे दोन-तीन शहरांतील केंद्रांनी आरंभापासूनच एकत्र यावे.

पहिली परीक्षा अंतर्गत सुसंगतीची, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याची आहे. ते मोजणारा आकडा, क्रॉनबाख अल्फा, ०.७ च्या वर असावा. दुसरी पुनरावृत्तीची. आजार स्थिर असलेल्या सुमारे ५० मुलांच्या पालकांकडून एक ते दोन आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यावा, आणि या काळात औषध बदललेले नाही याची खात्री करावी. तिसरी परीक्षा अर्थाची: गुणांक सुजलेल्या सांध्यांच्या संख्येशी, हालचाल कमी झालेल्या सांध्यांशी आणि डॉक्टरांच्या मूल्यमापनाशी अपेक्षित दिशेने जुळतो का? दाह दाखवणाऱ्या ईएसआर या रक्तचाचणीशी तो कमकुवत जुळला तर घाबरून जाऊ नये, कारण दाह आणि कार्यक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक मुले शून्यावर साचतात का, हे पाहणे. सीएचएक्यूत हा दोष मूळचाच आहे. सौम्य आजाराच्या मुलांना सर्व कामे जमतात, आणि म्हणूनच २००४ मध्ये अधिक कठीण कामे जोडलेल्या सुधारित आवृत्त्या तपासल्या गेल्या. मराठी आवृत्तीत शून्ये जास्त आली तर ती भाषांतराची चूक आहे असे लगेच समजू नये.

तेवढ्याच वयाच्या निरोगी मुलांचाही गट घ्यावा. त्यांच्यात एखाद्या कामाला वारंवार १ किंवा २ गुण मिळत असतील, तर तो प्रश्न वय किंवा घर मोजत आहे, संधिवात नव्हे. सर्व गट-गुणांक चांगले दिसत असूनही असा एखादा प्रश्न दडून राहतो, म्हणून आठ गटांवर न थांबता तीसही कामांचे कोष्टक मांडावे, आणि उजव्या बाजूला प्रत्येक कामासाठी गटाचे गुण त्याच्यामुळे किती मुलांमध्ये ठरले, हे लिहावे. माझ्या मते संपूर्ण विश्लेषणातील हे सर्वांत उपयुक्त कोष्टक आहे.

छपाई आणि आवृत्ती

दुखण्याची रेषा १० सेंटीमीटरची ठरली असेल तर छापल्यावर ती पट्टीने मोजावी. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तिची लांबी बदलू शकते आणि मग प्रत्येक मुलाचे दुखणे चुकीचे मोजले जाते. अक्षर मोठे असावे, एका पानावर एकच गट आल्यास उत्तम, आणि 'लागू नाही' हा रकाना इतरांपासून थोडा दूर छापावा, म्हणजे तो चौथ्या दर्जाचा त्रास वाटणार नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असावी. भाषांतरे, मतभेदांच्या नोंदी, उलट भाषांतरे, समितीची टिपणे आणि पालकांची शब्दशः उत्तरे यांची एक संपूर्ण प्रत मूळ हक्कधारकांकडे पाठवावी आणि एक विभागात ठेवावी. काही वर्षांनी एखादे काम बदलावे लागले, तर नवी आवृत्ती काही काळ जुन्या आवृत्तीबरोबर त्याच मुलांकडून भरून घ्यावी आणि दोन्हींतील फरक काढावा. तोपर्यंत मुलाच्या आलेखावर आवृत्ती बदलल्याच्या तारखेला उभी रेघ ओढावी आणि तिच्या दोन बाजूंचे आकडे जोडून सुधारणा किंवा बिघाड ठरवू नये.